कच्चं काम गेलं तर पक्की माणसं कुठून येणार?

एआयमुळे नोकऱ्या जाणार की राहणार, यावर आपल्याकडे इतकं बोलून झालं आहे की दोन्ही बाजूंची वाक्यं आता पाठ झाली आहेत. एक बाजू म्हणते, बँकांत कॉम्प्युटर आले तेव्हाही हीच बोंब होती. दुसरी म्हणते, या वेळचं प्रकरण निराळं आहे. मग कोणीतरी अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीच्या मालकाचं भाकीत काढतो, कोणी यंत्राला मन नसतं असं सांगून सगळ्यांना धीर देतो आणि चहा येतो. बँकांचं उदाहरण खोटं नाही. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, तोही भरपूर घासाघीस करून. पुढे काउंटरवरची जाडजूड लेजरं गेली, पण त्यांच्यामागे बसणारा कारकून गेला नाही. तो दुसऱ्या टेबलावर गेला, शाखा वाढल्या तसा अधिकारी झाला आणि पेन्शन घेऊन घरी बसला. आज ज्यांना काम येतं, त्यांचं याही वेळी बहुतेक निभावेल असं मलाही वाटतं.

माझी काळजी त्यांच्या मागून येणाऱ्यांची आहे. कुठलंही काम यायला लागण्याआधी ते काही वर्षं बेताचंच करावं लागतं. कोणाच्या तरी हाताखाली, बोलणी खात, जेमतेम पैशांत. प्रत्येक धंद्यानं याची सोय करून ठेवली होती. वकिलाकडे ज्युनिअर, इस्पितळात रेसिडेंट, वर्तमानपत्रात शिकाऊ उपसंपादक, सॉफ्टवेअर कंपनीत फ्रेशर, आमच्या सीएंकडे आर्टिकल. एआय आज जे काम सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्तात करून देतं, ते नेमकं या मंडळींचं काम आहे. सीनिअरचं काम त्याला अजून नीट जमत नाही, म्हणून सीनिअर सुरक्षित. पण सीनिअर काही झाडाला लागत नाहीत.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, म्हणून आधी आमच्या घरातलं सांगतो. सीएच्या परीक्षा देत देत फर्ममध्ये उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींना आम्ही आर्टिकल म्हणतो. ही उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत आमच्या इन्स्टिट्यूटनं, म्हणजे सीएंच्या देशपातळीवरच्या संस्थेनं, ती दोन वर्षांवर आणली. पहिल्या वर्षी मुख्य काम व्हाउचिंगचं. क्लायंटच्या ऑफिसात, बहुधा गोडाऊनला लागून असलेल्या कोंदट खोलीत, बिलांच्या फायली घेऊन बसायचं. बिल काढायचं, लेजरमधली नोंद बघायची, तारीख, रक्कम, कर, सही जुळली की टिक मारायची. पुन्हा पुढचं बिल. दुपारी तीननंतर डोळे मिटायला लागतात. आईवडिलांनी एवढ्यासाठी शिकवलं का, असा प्रश्न प्रत्येक आर्टिकलला एकदा तरी पडतो.

पण त्या कंटाळ्यातच कधीतरी काहीतरी खटकतं. एका पुरवठादाराचं एप्रिलचं बिल ११ नंबरचं, मेचं १२, जूनचं १३. म्हणजे या माणसाला आपला क्लायंट सोडून दुसरं गिऱ्हाईकच नाही की काय? याचं दुकान तरी कुठे आहे का? हमालीच्या पावत्या वेगवेगळ्या नावांच्या, पण अक्षर सगळ्यांवर एकच, वेलांटीचा फटकारासुद्धा तोच. वाहतुकीच्या बिलावर नऊ टन माल, आणि गाडीचा नंबर तपासला तर स्कूटर निघते. हे शेवटचं अतिशयोक्तीचं वाटेल, पण बिहारच्या चारा घोटाळ्यात वाहतुकीच्या बिलांवर स्कूटरचे नंबर खरोखरच सापडले होते. अशी एखादी गोष्ट पहिल्यांदा सापडते, आर्टिकल ती घाबरत घाबरत सरांना दाखवतो, सर चष्मा कपाळावर सरकवून बघतात आणि 'अजून काढ' म्हणतात. त्या दिवसापासून तो मुलगा बिलाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

आता हे काम यंत्र करतं. थोडंफार साध्या सॉफ्टवेअरनं आधीच नेलं होतं, उरलेलं एआय नेत आहे. बिलाचा फोटो टाकला की नोंद कुठल्या खात्यात जायला हवी हे ते सुचवतं. खरेदीचं रजिस्टर जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, जुळवण्यात आर्टिकलांचे दिवसच्या दिवस जायचे, ते आता बसल्या जागी होतं. आणि यंत्र हे चांगलं करतं, तेही कबूल करायला हवं. आर्टिकल नमुन्यादाखल थोडी बिलं बघायचा, यंत्र सगळीच्या सगळी बघतं. ओळीनं आलेले बिल नंबर त्याच्या नजरेतून सुटणार नाहीत. ते दुपारी पेंगत नाही, परीक्षेसाठी रजा मागत नाही.

ते शंकांची लांबलचक यादी काढून हातात देतं. अडचण तिथून पुढे सुरू होते. यादीतल्या बहुतेक शंका निरुपद्रवी असतात. ट्रान्सपोर्टवाल्याच्या कारकुनानं एमएच-१२ ऐवजी एमएच-१४ टाकलेलं असतं, एखादा पुरवठादार खरोखरच नवा आणि लहान असतो, म्हणून त्याचे नंबर ओळीनं येतात. त्या ढिगाऱ्यात एखादीच शंका अशी असते की तिच्यामागे बनावट बिलांचं अख्खं दुकान उभं आहे. ती कुठली, हे कळायला हजारो बिलं हाताखालून गेलेली असावी लागतात. माझ्या हाताखालून ती गेली. माझ्याकडच्या आजच्या आर्टिकलच्या हाताखालून यादी जाते. तो ती प्रामाणिकपणे वाचतो, प्रत्येक शंकेपुढे क्लायंटनं दिलेलं उत्तर लिहितो आणि 'समाधानकारक' असा शेरा मारतो. क्लायंटच्या उत्तरानं कधी समाधान मानायचं नाही, हे त्याला कोण आणि कशावर शिकवणार?

सत्यमचं प्रकरण आठवा. जानेवारी २००९ मध्ये या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून सांगितलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. बँकशिल्लक तपासायची रीत आमच्याकडे फार जुनी आणि साधी आहे. बँकेला पत्र थेट आपण पाठवायचं आणि उत्तर थेट आपल्याकडे यायला हवं, कंपनीच्या हातून आलेला कागद चालायचा नाही. हे आर्टिकलला पहिल्या वर्षात सांगतात. एवढं एक काम नेटानं झालं असतं तर सत्यमचा डोलारा इतकी वर्षं उभा राहिला नसता. त्याला मोठी बुद्धी लागत नाही, सवय लागते, आणि सवय पुस्तक वाचून लागत नाही.

वकिलांकडे वेगळं काही नाही. ज्युनिअरनं सायटेशन, म्हणजे आधाराला घ्यायचा जुना निवाडा, शोधून आणायचं, निवाडा मुळातून वाचायचा, तो वरच्या कोर्टानं पुढे फिरवला तर नाही ना हे बघायचं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी हे काम चॅटजीपीटीवर सोपवलं. त्यानं रचून दिलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. तेव्हा आपण हसलो. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला प्राप्तिकर खात्याचा एक निर्धारण आदेश, म्हणजे कर किती ते ठरवणारा आदेश, रद्द करावा लागला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे कुठल्याच न्यायालयानं दिलेले नव्हते. आदेशावर सही करण्याआधी 'हा निवाडा काढून दाखव' असं म्हणणारा एकही माणूस त्या वाटेत भेटला नाही.

हा धोका एका बाईंनी फार आधी ओळखला होता. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये कारखान्यांतल्या स्वयंचलनावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सोपं आणि रोजचं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं ते फक्त अवघड आणि क्वचित येणारं काम. आणि रोजचा सराव सुटल्यामुळे ते अवघड काम करायला तो आधीपेक्षा कमी लायक झालेला असतो. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी मला जास्त झोंबते. आज यंत्रावर देखरेख करणारी माणसं हातानं काम करत शिकलेली आहेत, म्हणून चाललं आहे. पुढच्या पिढीकडे ते भांडवल नसेल. निबंध चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि त्यातली 'पुढची पिढी' आज माझ्या ऑफिसात बसली आहे.

विमानांच्या बाबतीत याची किंमत मोजून झाली आहे. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि विमान वैमानिकांच्या हातात आलं. विमान तोवर धडधाकट होतं. पुढच्या साडेचार मिनिटांत वैमानिकांना ते सावरता आलं नाही. त्यानंतर विमान कंपन्यांना 'वैमानिकांना अधूनमधून हातानं विमान चालवू द्या' असं सांगायची वेळ आली, अमेरिकेच्या विमान प्रशासनानं २०१३ मध्ये तशी सूचनाच काढली.

कोणी म्हणेल, शिकाऊ माणसाचं ठीक आहे, पण जो शिकून तयार झाला त्याचं काय बिघडणार? पोलंडमधल्या चार केंद्रांवरचा एक अभ्यास २०२५ च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात आला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी शोधायला तिथल्या डॉक्टरांना एआयची मदत मिळू लागली होती. मदत नसताना हेच डॉक्टर किती गाठी शोधतात, हे एआय येण्याआधीचं आणि नंतरचं ताडून पाहिलं. आधी २८.४ टक्के तपासण्यांत गाठ सापडायची, नंतर २२.४ टक्के. प्रत्येकानं दोन हजारांहून जास्त तपासण्या केलेल्या, मुरलेले डॉक्टर होते. एका अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये, त्यात इतर कारणंही मिसळलेली असू शकतात. तरी मुरलेल्यांची नजर काही महिन्यांत मंदावत असेल, तर ज्याची नजर अजून तयारच व्हायची आहे त्याच्याबद्दल काय बोलायचं?

याच्या उलट टोकाचा सल्लाही एकदा देऊन झाला आहे. एआयच्या जनकांपैकी एक, जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते २०१६ मध्ये टोरांटोत म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवलं पाहिजे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल, फार तर दहा लागतील. त्यांचं कोणी ऐकलं नाही हे नशीब. आज एआय आहे, आणि एक्स-रे, सीटी वाचणाऱ्या डॉक्टरांची अनेक देशांत टंचाईही आहे. यंत्राबद्दलचं भाकीत चुकलं तर नवीन भाकीत करता येतं. दहा वर्षांच्या तुकड्या घडवल्याच नाहीत, तर त्या मागे जाऊन घडवता येत नाहीत.

आता हिंजवडीकडे येऊ, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात आधी तिथे दिसेल. भारतीय आयटीचा सगळा धंदा खाली रुंद, वर निमुळता. खाली दरवर्षी कॉलेजांतून उचललेल्या फ्रेशरांच्या फौजा, साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज, काही महिने ट्रेनिंग, मग टेस्टिंग, बग सोडवणं, जुन्या कोडची डागडुजी. यातलं बरंचसं काम रटाळ, पण त्यातूनच पाच-सात वर्षांनी टीम लीड तयार व्हायचा. हेच काम आता कोड लिहिणाऱ्या एआयकडे चाललं आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी पगारपत्रकांच्या प्रचंड मोठ्या नोंदी तपासून २०२५ मध्ये मांडलं की ज्या व्यवसायांत एआयचा शिरकाव जास्त, तिथे २२ ते २५ वयाच्यांचा रोजगार तुलनेनं १३ टक्क्यांनी घटला, त्याच व्यवसायांतल्या वयानं मोठ्यांचा मात्र टिकला किंवा वाढला. यावर वाद आहेत. व्याजदर वाढले, कोविडनंतर कंपन्यांनी आधी भरमसाट भरती केली होती, हेही खरं. पण वयाची रेघ इतकी ठळक का, याचं उत्तर व्याजदरांतून मिळत नाही.

आपल्याकडे या रेघेला आणखी एक पदर आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. लोणी, कोपरगाव, इस्लामपूर इथली कॉलेजं त्याच लाटेतली. शिक्षणसम्राट, डोनेशन, प्राध्यापकांचे तुटपुंजे पगार, या सगळ्यावर आपण यथेच्छ टीका केली आहे आणि ती करायलाच हवी होती. पण त्या वाटेनं शेतकऱ्याची, शिक्षकाची, एसटी कंडक्टरची मुलं पुण्यात आली, हेही नाकारता येत नाही. इंग्रजी कच्चं, ओळख कोणाची नाही, कॉलेजात शिकलेलं निम्मं कालबाह्य. कंपनीनं त्यांना घेतलं, कारण कच्चं काम करायला कच्ची माणसं लागत होती. बाकीचं ती तिथे शिकली, सॉफ्टवेअरही आणि मीटिंगमध्ये बोलायचं कसं तेही. घराण्यात पहिला पदवीधर असलेल्या मुलासाठी कच्चं काम हेच एकमेव दार होतं.

ज्यांचं घरातच सगळं आहे, त्यांना हे दार बंद झालं तरी फरक पडत नाही. वकिलाची मुलगी जेवणाच्या टेबलावर केस ऐकत मोठी होते आणि वडिलांच्या चेंबरमध्ये जाऊन बसते. डॉक्टरांचा मुलगा आईवडिलांच्या हॉस्पिटलात शिकतो. सीएचा मुलगा सीए, हे तर आमच्यात इतकं नेहमीचं आहे की त्याला कोणी हसतही नाही. या मुलांना फर्म यंत्राच्या जिवावर चालत असली तरी बाप शेजारी बसवून शिकवणार, कारण पुढे फर्म त्यांनाच चालवायची आहे. परक्याच्या मुलाला फुकटचा वेळ घालवून कोण शिकवणार? पूर्वी त्याच्या कामाचा उपयोग होता, म्हणून शिकवणं अंगावर पडत नव्हतं. तो उपयोग संपला की धंदे पुन्हा घराण्यांत जाऊन बसतील, आणि या वेळी कोणाला वाईट ठरवायचीही सोय नसेल, कारण कोणी कोणाला अडवलेलंच नसेल. एआयमुळे समाजात काय बदलेल, या प्रश्नाला माझ्यापुरतं सगळ्यात भीतीदायक उत्तर हे आहे. बंडखोर यंत्रांच्या गोष्टी त्यापुढे करमणूक वाटतात.

यावर सगळ्यात चांगला आक्षेप बुद्धिबळवाले घेऊ शकतात. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. आज फोनमधलं इंजिनही, म्हणजे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअरही, जगज्जेत्याला सहज लोळवेल. म्हणून मुलांनी बुद्धिबळ सोडलं का? उलट झालं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला डी. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बटुमीला अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक घेऊन आली आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली. पूर्वी रशियन प्रशिक्षक आणि रशियन पुस्तकं मिळाल्याशिवाय जे कळायचं नाही, ते आज लॅपटॉप असलेल्या कुठल्याही गावातल्या मुलाला कळतं. यंत्रानं उमेदवारी मारली नाही, उलट ती सगळ्यांना खुली केली.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच तो नीट बघावा असं वाटतं. बुद्धिबळात हे कशामुळे जमलं? स्पर्धेच्या हॉलमध्ये फोन नेता येत नाही. डाव सुरू असताना खिशात फोन सापडला तर डाव गेला. घरी यंत्राबरोबर हवं तेवढं शिका, पण पटावर एकट्यानं बसायचं, हा नियम कोणीही मोडू देत नाही. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला आपल्या डोक्यात काय उतरलं आहे हे दर आठवड्याला कळतं, आणि जगालाही कळतं. गुकेशची गोष्ट तर त्याही पुढची आहे. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनपासून लांबच ठेवलं होतं. आधी स्वतः आकडेमोड करायची, चुकायचं, का चुकलो ते स्वतःच शोधायचं. इंजिन नंतर. यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग करणाऱ्या पिढीचा जगज्जेता सुरुवातीची सगळी वर्षं यंत्राशिवाय घडलेला आहे.

ऑफिसात असा पट कुठे आहे? तिथे यंत्र बाजूला ठेवायला सांगणारा पंच नाही, उलट यंत्र का वापरत नाहीस म्हणून विचारणारा मॅनेजर आहे. आर्टिकलनं करखात्याच्या नोटिशीला उत्तर लिहिलं तर त्यातलं त्याचं किती आणि यंत्राचं किती, हे मला कळत नाही. त्यालाही कळत नसावं. मसुदा सुंदर असतो. फोनवर त्याच मुद्द्यावर अधिकाऱ्यानं एक उपप्रश्न विचारला की फोन माझ्याकडे येतो.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. पण शिकवण्याचा खर्च आज माझा, आणि शिकलेला माणूस उद्या दुसऱ्याचा, हे गणित पूर्वीही होतं. तेव्हा निदान शिकता शिकता तो कामाला यायचा. आता प्रत्येकाचा हिशेब एकच सांगतो, की फ्रेशर घेऊ नका, बाहेरून तीन-चार वर्षं अनुभवाचा घ्या. सगळ्यांना कापणी हवी, पेरायला कोणी तयार नाही. यात कोणी दुष्ट नाही. म्हणूनच हे एकेकट्याच्या सद्भावनेवर सोडून भागणार नाही.

सरकारला प्रश्नाचा वास लागला आहे, पण त्याचं उत्तर नेहमीप्रमाणे खात्यात पैसे टाकण्याचं आहे. २०२४ मध्ये राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, जिला सगळे लाडका भाऊ म्हणतात. बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला आठ, पदवीधराला दहा. मुदत सहा महिने, ती नंतर वाढवली. मुलं सरकारी कार्यालयांत बसली, मुदत संपली, आणि कायम करा म्हणून आंदोलनं झाली. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. सहा महिन्यांत कोणाच्या हाताखाली काय शिकायचं, हे योजनेत ठरवलेलंच नसेल तर मागायला नोकरीशिवाय उरतं काय?

कायद्यात जागा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. हा आकडा आज बहुतेक ठिकाणी कागद भरण्यापुरता पाळला जातो. त्याला एक अट जोडता येईल, की उमेदवारीतले ठरावीक तास मूळ कामाचे असले पाहिजेत, यंत्रानं केलेल्या कामावर शेरे मारण्याचे नव्हेत. राज्य सरकार आयटी कंपन्यांना मोठमोठी कामं देतं. निविदेत अनुभवी इंजिनिअर किती लावणार हे विचारतात, नवे किती घडवणार हेही विचारावं. कंपन्या म्हणतील खर्च वाढेल. वाढेल. तो आज कोणीच भरत नाही, म्हणून दिसत नाही एवढंच.

आमच्या इन्स्टिट्यूटकडे तर कायद्याचीही वाट बघायचं कारण नाही. उमेदवारी दोन वर्षांची केली आहे, ती पुन्हा तीनची करा असं मी म्हणत नाही, मुलांचं वय वाढतं आणि घरची परिस्थिती सगळ्यांची सारखी नसते. पण त्यातले पहिले सहा महिने हातानं व्हाउचिंग, प्रत्यक्ष गोडाऊनमध्ये जाऊन माल मोजणं, बँकांची थेट पत्रं, हे सक्तीचं करता येईल. यंत्राची यादी त्यानंतर हातात द्यावी, म्हणजे ती वाचणाऱ्याला आपण काय वाचतो आहोत ते कळेल. आणि प्रशिक्षणाच्या शेवटी कॉम्प्युटरशिवाय एका खोलीत, एका फायलीवर, समोर बसून तोंडी परीक्षा. यानं फर्मचं काम मंदावेल, ऑडिट फी वाढेल आणि क्लायंट कुरकुर करतील. मी एकट्यानं केलं तर शेजारची फर्म माझे क्लायंट घेऊन जाईल, हे मला स्वच्छ दिसतं, म्हणून तर नियम सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवा. इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलच्या निवडणुकीत मतं मागायला लोक आमच्या ऑफिसात येतात, जीएसटीच्या मुदती वाढवून आणू म्हणतात. पुढच्या वेळी मी मुदतींबद्दल विचारणार नाही.